जास्त छाटलेला जुनिपर: एका झाडाचं प्रकरण

झाड आहे जुनिपर प्रोकम्बेन्स ‘नाना’. जमिनीलगत पसरणारा, आखूड टोचऱ्या पानांचा हा सदाहरित जुनिपर बोन्साय शिकणाऱ्याच्या हातात बहुतेकदा पहिला येतो आणि बहुतेकदा पहिला मरतोही. बुंधा २ सेंमी जाड, उंची २५ सेंमी, रोपवाटिकेच्या १५ सेंमी कुंडीत वाढलेलं चार-पाच वर्षांचं निरोगी रोप. हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलं आहे. एरवी सुट्या दिसणाऱ्या चुका इथे एकाच झाडावर घेतल्या आहेत, कारण प्रत्यक्षातही त्या बहुधा जोडीनेच होतात.

एका दुपारी झाडावर तीन कामं झाली. खालच्या चार फांद्या बुंध्यालगत कापल्या. उरलेल्या सात फांद्यांची आतली पालवी ‘साफ’ करून फक्त टोकाला झुपके ठेवले. सुमारे तीन-चतुर्थांश हिरवा भाग गेला. मग सातही फांद्यांवर २ मिमी अ‍ॅल्युमिनियमची वायर गुंडाळून त्या खाली वाकवल्या. शेवटी निम्मी मुळं कापून झाड ४ सेंमी खोल ट्रेमध्ये लावलं. बागेतली माती आणि शेणखत निम्मं-निम्मं. तेव्हापासून ट्रे घरात, खिडकीपासून दोन मीटरवरच्या फळीवर. रोज पाणी, दिवसातून दोनदा फवारा आणि ‘ताकद यावी’ म्हणून दर आठवड्याला खत.

पाच आठवड्यांनंतरचं चित्र असं: दोन फांद्या पिवळट-तपकिरी, बाकीच्या पाच हिरव्या पण निस्तेज, राखाडी झाक आलेल्या. मातीवर शेवाळाचा पातळ थर. बोटाने ढकललं तर बुंधा हलतो. मालकाचा प्रश्न ठरलेला: आता काय घालू?

काहीच घालायचं नाही. छाटणीने झाड दुबळं झालं हे खरं, पण या अवस्थेतलं झाड मरतं ते सहसा नंतरच्या काळजीने.

पानझडी झाडाला अशी छाटणी बऱ्याचदा सोसते. त्याचा साठा लाकडात आणि मुळांत असतो, जुन्या सालीखाली सुप्त डोळे असतात. हंगाम आला की ते फुटतात. जुनिपरचं तसं नाही. तो वर्षभर पानांच्या जिवावर चालतो, आणि उघड्या जुन्या लाकडातून त्याला जवळजवळ कधीच फूट येत नाही. ज्या फांदीवर हिरवं उरलं नाही ती फांदी संपली. ज्या फांदीवर फक्त टोकाचा झुपका उरला, तिची पुढची सगळी वाढ त्या झुपक्यातूनच होणार. बुंध्याजवळची जागा कायमची मोकळी. आतली पालवी साफ करणं म्हणूनच फांदी कापण्याइतकं महागात पडतं. तिथे पानं साठतात, उजेड कमी मिळतो, ती मरगळलेली दिसतात, आणि नवखा तीच आधी काढतो.

दुसरा धक्का पाण्याचा. पानं पाणी ओढतात म्हणून कुंडी वाळते. तीन-चतुर्थांश पानं गेली की ओढही जवळपास त्याच प्रमाणात घटते. छाटणीआधी रोज लागणारं पाणी आता रोज दिलं, तर माती दोन पाण्यांच्या मध्ये वाळतच नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती न मिळाल्याने मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, पानं निस्तेज होतात, आणि ते पाहून मालक आणखी पाणी घालतो.

उथळ ट्रेने यात भर घातली. पाणी निथळून गेल्यावरही कुठल्याही कुंडीच्या तळाशी चिंब भिजलेला एक थर राहतो. त्याची उंची दाण्याच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. बारीक मातीत हा थर ३ सेंमी धरला, तर १२ सेंमी खोल कुंडीत तो एक-चतुर्थांश होतो आणि ४ सेंमी ट्रेमध्ये तीन-चतुर्थांश. निम्मी कापलेली मुळं त्याच चिखलात. खत तर सर्वात निरर्थक: ते घ्यायला मुळांची नवी टोकं फारशी नाहीत, आणि मातीत साठलेले क्षार आहे त्या मुळांना पाणी ओढणं अवघड करतात.

आधी झाड जिवंत आहे का ते पाहायचं. हिरवा रंग हा पुरावा नाही. जुनिपर मुळापासून मेल्यावरही काही आठवडे हिरवा दिसू शकतो, त्यामुळे ‘काल तर बरं होतं’ हे वाक्य या झाडाबाबत फार ऐकू येतं. झुपका दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. जिवंत पालवी लवते; मेलेली कुरकुरते आणि पानं गळतात. मग बुंध्यावर, मातीपासून दोनेक सेंमी वर, नखाने २-३ मिमी खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर ती बाजू जिवंत. कोरडं तपकिरी दिसलं तर लगेच आशा सोडू नका, बुंध्याच्या विरुद्ध बाजूला आणखी एकदाच पाहा. जुनिपरमध्ये मुळांचा एकेक गट बुंध्यावरच्या ठरावीक पट्ट्यातून ठरावीक फांद्यांना पाणी पुरवतो. एक बाजू मरून दुसरी धडधाकट राहणं अगदी नेहमीचं आहे. मात्र नखाने सगळा बुंधा सोलून काढू नये, ती एक वेगळीच हौस असते.

आपल्या झाडात पाच फांद्या लवतात, बुंधा एका बाजूने हिरवा आहे, दुसऱ्या बाजूला, त्या दोन तपकिरी फांद्यांच्या बरोबर खाली, कोरडा आहे. म्हणजे झाड जिवंत, पण अर्ध्या बुंध्यावर.

पुढचा निर्णय सर्वात वादाचा: पुन्हा कुंडी बदलायची का? साधारण उत्तर ‘नाही’. दुबळ्या झाडाची मुळं पुन्हा उघडणं म्हणजे पाच आठवड्यांत धरलेली नवी टोकं तोडणं. ट्रेवर पाणी ओतल्यावर ते चार-पाच सेकंदांत मुरत असेल आणि तळाच्या भोकाशी मातीचा स्वच्छ वास येत असेल, तर झाडाला हात लावू नका. फक्त पाणी दिल्यावर ट्रेची एक कड लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून पंधरा-वीस मिनिटं तिरकी ठेवा. खालच्या कोपऱ्यातून पुन्हा पाण्याची धार लागलेली दिसेल; आडव्या ट्रेमध्ये अडून बसलेलं हेच ते पाणी.

इथे मात्र पाणी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ वर साचून राहतं आणि भोकातून आंबट, कुजका वास येतो. अशा वेळी वाट पाहण्यात धोका जास्त. तरीही जे करायचं ते नेहमीचं रिपॉटिंग नव्हे. मुळं धुवायची नाहीत, विंचरायची नाहीत, जिवंत मूळ कापायचं नाही. मातीचा गोळा जसा आहे तसा उचलायचा आणि मोठ्या दाण्यांच्या, खोल कुंडीत बसवायचा.

कुंडी १५ सेंमी रुंद, ११-१२ सेंमी खोल. साधी प्लॅस्टिकची, तळाला भरपूर भोकं असलेली. दिखाऊ कुंडीची वेळ ही नव्हे. मिश्रण प्यूमिस, लाव्हा (दोन्ही ज्वालामुखीचे सच्छिद्र खडे) किंवा चांगल्या भाजलेल्या विटेची खडी, यांपैकी जे असेल ते. दाणा ३ ते ६ मिमी. २ मिमीखालची भुकटी चाळून टाकायची, नाहीतर तीच खाली बसून पुन्हा चिखल होतो. खत, शेणखत, कोकोपीट काही नाही. तळाशी मोठ्या खडीचा वेगळा थरही घालू नका. त्याने पाणी लवकर जात नाही, भिजलेला थर तेवढा वर, मुळांच्या जवळ सरकतो.

गोळा बाहेर काढताना जी माती आपसूक गळते ती गळू द्या. काळी पडलेली, बोटात धरताच साल सुटून आतला दोरा उरणारी मुळं कापून टाका. पांढरी, पिवळसर किंवा तपकिरी पण टणक मुळं तशीच ठेवा. भोकांतून आधीच दीड मिमीची वायर वर काढून ठेवलेली असावी. ती गोळ्यावरून आडवी नेऊन पिळा. हे बांधणं वरवरचं वाटतं, पण बुंधा वाऱ्याने डुलत राहिला तर केसासारखी नवी मुळं रोज तुटतात. साल काचू नये म्हणून वायरखाली रबराचा तुकडा ठेवा. दाणे भरताना बांबूच्या काडीने हलके हलवून पोकळ्या बुजवा, ठेचू नका.

या पद्धतीत एक अडचण राहते. मध्ये बारीक मातीचा गोळा, भोवती मोठे दाणे. कडेचे दाणे भराभर वाळतात, गोळा ओलाच राहतो. किंवा उलट, गोळा एकदा पूर्ण वाळला की पाणी त्याला टाळून कडेने निघून जातं. म्हणून गोळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची चार-पाच भोकं काडीने हळू पाडा, मूळ लागलं तर जागा बदला, आणि त्यांत प्यूमिसचे बारीक दाणे भरा. यापुढे पाण्याचा अंदाज कडेवरून घ्यायचा नाही, गोळ्यावरून घ्यायचा.

वायरबाबत बहुतेकांना वाटतं की ती ताबडतोब काढावी. वायर सालीत रुतत नसेल तर ती राहू द्या. वाकवताना फांदीच्या आत बारीक चिरा पडतात, त्या भरत असतात; वायर काढताना फांदी हलते आणि चिरा पुन्हा उघडतात. दुबळं झाड जाडही होत नाही, त्यामुळे लगेच रुतण्याची भीती कमी. नवी वाढ दिसू लागली की मग दर महिन्याला पाहायचं, आणि काढताना उलगडायची नाही, कटरने प्रत्येक वेढ्याचा तुकडा करायचा.

जागा: घराबाहेर. घरातल्या उजेडात जुनिपर तग धरत नाही, आणि त्याला थंडीतली विश्रांतीही लागते. पण पाच आठवडे सावलीत राहिलेलं झाड एकदम कडक उन्हात ठेवलं तर उरलेली पालवीही करपेल. पहिले दोन आठवडे मोकळ्या आकाशाखाली पण थेट ऊन नसलेली, वारा कमी असलेली जागा. मग सकाळचं दोन तास ऊन, आणि दर आठवड्याला तासभर वाढवत पाच-सहा तासांपर्यंत. दुपारी झळा असतील तर ५० टक्क्यांची शेड नेट. थंडी तोंडावर असेल तर कापलेली मुळं गोठू देऊ नयेत. कुंडी जमिनीवर भिंतीच्या आडोशाला ठेवा, पण उबदार खोलीत आणू नका.

पाणी वजनावर द्यायचं. कुंडी भरपूर पाणी घालून अर्धा तास निथळू द्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. समजा २,१०० ग्रॅम भरलं. या आकाराच्या कुंडीत २५० ते ३०० ग्रॅम कमी झाले की पुन्हा पाणी; त्याआधी नाही. पहिल्या वेळी गोळ्यात काडी तीनेक सेंमी खोचून दहा मिनिटांनी काढून पाहा, म्हणजे त्या वजनाला आतली माती कितपत ओली आहे ते कळेल आणि आकडा आपल्या झाडापुरता पक्का करता येईल. पाणी द्यायचं तेव्हा तळातून वाहीपर्यंत द्यायचं, गोळ्यावर, दोन-तीन फेऱ्यांत. रोज कपभर शिंपडणं हा सर्वात वाईट प्रकार: वरून ओलं, आत कोरडं किंवा तळाशी चिखल, काहीच कळत नाही. पानांवर फवारा सकाळी एकदा चालेल. संध्याकाळी पालवी ओली राहिली तर शेंडेमरीच्या बुरशीला आयतं निमंत्रण.

या वजनाच्या नोंदी ठेवल्या तर झाड सुधारतंय का, हे पानांच्या आधी कळतं. सुरुवातीला २५० ग्रॅम घटायला सहा-सात दिवस लागत होते आणि तशाच हवेत आता तीन दिवस लागतात, याचा अर्थ मुळं पाणी ओढू लागली आहेत. उलट सहा-आठ आठवडे झाले तरी वजन घटायला तेवढाच वेळ लागतो आणि पालवी आणखी राखाडी होत चालली, तर झाड वरून हिरवं असलं तरी आतून संपत आलंय.

खत नवी वाढ दिसल्यावरच. शेंड्यांचा रंग उजळ पोपटी झाला आणि ते एखादा सेंमी पुढे सरकले की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आधीच ओल्या असलेल्या मातीत. दोन महिन्यांनी वाढ जोमात असेल तर लिटरला एक ग्रॅम. मूळ फुटण्याची औषधं, जीवनसत्त्वांचे थेंब यांवर पैसे घालवू नका. इथे मुळं वाढतात ती हवेने आणि पानांत तयार झालेल्या साखरेने.

दुबळ्या जुनिपरवर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) हमखास येतो, आणि त्याची लक्षणं मुळांच्या त्रासासारखीच दिसतात. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीला दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले आणि बोटाने पुसल्यावर रेघ उमटली, तर कोळी आहे. पालवीला खालून जोराच्या पाण्याने धुवा, चार-पाच दिवसांच्या अंतराने तीनदा, कारण पहिल्या धुण्यात अंडी जात नाहीत. धुताना माती प्लॅस्टिकने झाका, नाहीतर वजनाचा हिशोब बिघडतो. कडुनिंबाचं तेल लागलंच तर लिटरला ५ मिली, थोडा सौम्य साबण घालून, आधी एका फांदीवर आणि ऊन उतरल्यावर. निळसर छटेच्या जुनिपरवर तेलाने पानांवरची मेणाची झाक जाते, ती त्या पानांवर परत येत नाही.

बुरशी ओळखायची खूण वेगळी: कोवळं टोक आधी फिकट, मग तपकिरी, मग राखाडी होतं आणि मेलेल्या भागात काळे बारीक ठिपके दिसतात. तेवढं टोक कोरड्या दिवशी कापायचं, कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसायची. या काळातली ही एकमेव मान्य छाटणी.

हिरव्या पालवीला दुसरा कुठलाही हात नाही. शेंडे खुडणं तर अजिबात नाही. नखाने शेंडे खुडत राहिलं की झाड दाट होतं हा समज जुनिपरच्या बाबतीत उलटा पडतो: वाढीची सगळी ताकद त्या शेंड्यांत असते, ते तोडले की झाड आणखी मंदावतं. लांब धावणारे शेंडे वेडेवाकडे दिसतील, आकार पूर्ण बिघडेल. बिघडू द्या. बुंध्याच्या जवळ एखादा बारीकसा हिरवा ठिपका फुटलेला दिसला तर त्याला रंगीत दोरा सैल बांधून ठेवा. असे ठिपके फक्त अजून कोवळ्या, पालवीजवळच्या लाकडावर येतात, पुढचा सगळा आकार त्यांच्यावर उभा राहणार असतो, आणि साफसफाईच्या भरात तेच आधी जातात.

तपकिरी झालेल्या दोन फांद्यांचं काय? वर्षभर तशाच ठेवा. मरण कुठे थांबतं ते लगेच कळत नाही. काही महिन्यांत त्यांच्या खालची साल बुंध्यावर बसते, आत दबलेली रेघ दिसू लागते आणि जिवंत पट्टा शेजारी फुगीर होतो. सीमा स्पष्ट झाल्यावर मेलेली साल सोलून फांदीचं जिन (साल काढलेली कोरडी फांदी) आणि बुंध्यावरचं शारी (तसाच उघड्या लाकडाचा पट्टा) करता येतं. जुनिपरला ते शोभतंही. घाईने सोललं तर चाकू जिवंत पट्ट्यात जातो, आणि या झाडाला तोही एकच उरलाय.

हे सगळं जुनिपरचं गणित आहे. दुसरं सूचिपर्णी झाड असेल तर आधी ते ओळखा. खोटा सायप्रस आणि थुजा जुनिपरसारखेच, जुन्या लाकडातून सहसा फुटत नाहीत. पाईनच्या फांदीवर सुया उरल्या असतील तर आशा आहे, सुयांच्या बेचक्यातून डोळे येऊ शकतात. सुया संपल्या तर फांदी गेली. स्प्रूसचंही जवळपास तसंच, हिरवं आणि डोळे दोन्ही लागतात. यू आणि क्रिप्टोमेरिया मात्र जुन्या लाकडातूनही फुटतात, आणि लार्च तर पानझडीच आहे. जास्त छाटलेला यू पाहून जुनिपरलाही तेच जमेल असं समजणारे बरेच जण असतात.

पुढची कात्री कधी? किमान एक पूर्ण वाढीचा हंगाम गेल्यावर, आणि अशा तिहेरी धक्क्यानंतर बहुधा दोन. तारखेपेक्षा खूण महत्त्वाची: जिवंत पाचही फांद्यांचे शेंडे ५-८ सेंमी धावलेले, रंग उजळ, कुंडी उन्हाळ्यात दोन दिवसांत वाळते, बुंधा हलत नाही. यांतली एक खूण जरी कमी असेल तर आणखी एक हंगाम. उथळ ट्रेमध्ये परतणं त्याच्याही पुढच्या हंगामात, आणि ज्या हंगामात मुळं कापली त्यात वर कात्री नाही, वायरही नाही.

पहिल्या छाटणीत फक्त सर्वात लांब धावते शेंडे घ्यायचे. प्रत्येक शेंडा मागे पाहत या, जिथे बाजूला हिरवी उपफांदी फुटली आहे तिथे तिच्या अगदी पुढे कात्री लावा. उघड्या लाकडात कधीही नाही. कापलेलं सगळं एका ताटलीत जमवत जा. ताटलीतला ढीग झाडावर उरलेल्या पालवीच्या एक-पंचमांशाएवढा झाला की कात्री खाली ठेवायची, आकार अर्धवट राहिला तरी. दोरा बांधलेल्या आतल्या फुटव्यांवर उजेड पडू लागला असेल तर या वर्षीचं काम झालं. खालच्या चार फांद्यांची जागा भरून येणार नाही. झाड २०-३० अंश कलवून लावलं तर ती उघडी बाजू नव्या रचनेत खपून जाते, आणि एका बाजूने कोरडा झालेला बुंधा समोर घेतला तर मागच्या पाच फांद्या पुरेशा होतात.